कमरेची सुपारी

लातुरात राहणाऱ्या माणसाने गाणं शिकू नये. शिकायचंच असेल तर आधी गल्लीतले सगळे अभ्यास संपायची वाट बघावी, आणि ते कधी संपत नाहीत. आमच्याकडे घराआड एक लेकरू डॉक्टर व्हायच्या तयारीत असतं. वरात कोपऱ्यावर आली की बँडवाले आपणहून गप होतात. अशा गल्लीत मी, पन्नाशीला टेकलेली बाई, सा लावून बसले.

आमच्या घरातही एक अभ्यास राहायला आला होता. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, नांदेडहून क्लाससाठी आलेली. पोरगी गुणी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या अभ्यासाभोवती मांडलेल्या सोवळ्याबद्दल. तिने पुस्तक उघडलं की टीव्ही बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा तो ती क्लासला गेल्यावर. माझा नवरा शिंकायलासुद्धा अंगणात जायचा. आणि मी मोबाईलवर तंबोरा सुरू केला की हाच नवरा दारात येऊन ओठावर बोट ठेवायचा. "पोरगी अभ्यास करून राहिली ना. तुझं काय, केव्हाही होतंय."

केव्हाही म्हणजे कधी, हे त्याला अजून सांगता आलेलं नाही. सकाळ डब्यांची. दुपार आल्यागेल्याची. नळाला पाणी यायच्या दिवशी तर मी बाई नसतेच, मोटारीचा खटका असते. मोबाईलवर रोज एक सुटाबुटातला गृहस्थ येऊन सांगतो की पहाटे उठा, स्वतःसाठी वेळ काढा. त्याच्या घरी पहाटेचा चहा कोण टाकतं ते तो सांगत नाही. मी उठूनही पाहिलं. अंथरुणातून आवाज आला, "उठलीसच तर चहा टाक." मग आत्या उठलीय म्हणून पोरगी उठली, तिला दूध. उजाडेपर्यंत माझा सा दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन बसला.

गेल्या वर्षी मी गाण्याची पहिली परीक्षा देणार होते. त्याच दिवशी दिराच्या गावी घरातली पूजा निघाली. जोडीनं बसायचं, बायकोवाचून पूजा होत नाही, असं सगळ्यांनी मला समजावलं. मी समजले. भरजरी साडी नेसून नवऱ्याच्या हाताला हात लावून बसले, आणि माझी परीक्षा माझ्यावाचून झाली.

यंदा मी गाडीत जाऊन गायला लागले. आमची जुनी चारचाकी दारातच उभी असते. काचा वर, दारं बंद, तंबोरा चालू. लातूरचा एप्रिल, आणि बंद गाडीत मी भूप घोटून राहिलेली. बाहेरून फक्त उघडणारं तोंड आणि उडणारा हात दिसायचा. समोरच्या काकूंनी नवऱ्याला विचारलं म्हणे, वैनी गाडीत बसून कोणाशी भांडतात? तो म्हणाला, सराव करून राहिली. तेव्हा मी हसले होते. आता आठवलं की डोकं तापतं. ज्या घराचा कानाकोपरा मी झाडते, त्या घरात मला तोंड उघडायला जागा नव्हती.

लातूरचं केंद्र भरलं म्हणून मला नांदेडचं मिळालं. मी खूश. माहेरी आदल्या दिवशी जायचं, निवांत झोपायचं, सकाळी घसा मोकळा करून केंद्रावर जायचं. तसं मी भावाला फोनवर सांगितलं, आणि तिथंच फसले. कारण अधिक महिना लागला होता, धोंड्याचा. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, कपडे करतात, दिव्याचं वाण देतात. आणि ते घ्यायला जावई बायकोसकट पाटावर बसावा लागतो. भाऊ म्हणाला, "अक्का, येऊनच राहिलीस तर दाजींचं धोंड्याचं पण त्याच दिवशी उरकू. एका फेरीत दोन कामं." परीक्षा सकाळी अकरा वाजता आहे म्हटलं, तर म्हणाला, एक गाणं म्हणायला असा किती वेळ लागतोय.

तर परीक्षेच्या सकाळी मी नांदेडात भावाच्या स्वयंपाकघरात कढईपुढे उभी होते. वहिनीचं मनगट दुखत होतं, आणि अक्कांसारखे धोंडे कोणाला जमत नाहीत, असं तिचं म्हणणं. बाईला कामाला लावायचं तर आधी कौतुक करावं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लेक-जावयाचा मान म्हणून जेवण, आणि त्यातली लेक तेलाच्या धुरात. जावई कूलरपुढे पेपर वाचत. मी तीनदा घसा खाकरला. तो तिथूनच म्हणाला, "ठसका लागला का? पाणी पी."

मी गॅस बंद केला, हात धुतले, आणि कोणालाही न सांगता ऑटोत बसले.

केंद्र एका शाळेत होतं. व्हरांड्यात लेकरंच लेकरं, आणि त्यांच्या आया पाण्याच्या बाटल्या घेऊन. एकीनं प्रेमानं विचारलं, तुमची नात कोणती? मी म्हटलं, आतमध्ये गेलीय. आणखी काय सांगणार. तबलेवाले उशिरा आले, मग लहान लेकरं आधी घ्यायची ठरली, आणि माझा नंबर पुढे पुढे सरकू लागला. मी कोपऱ्यात मोबाईलचा तंबोरा कानाला लावून बसले. दर थोड्या वेळानं फोन यायचा आणि तंबोरा तुटायचा. वहिनी: पुरण सुकून राहिलं. नवरा: भूक लागलीय. परत वहिनी: तुम्ही आल्याबिगर त्यांना वाढता येत नाही.

मग भाऊ स्वतःच मोटरसायकल घेऊन आला. पाच मिनिटं पाटावर बसून परत ये म्हणाला, मी आणून सोडतो.

"नंबर आला तर?"

"लेकरांची परीक्षा हाय अक्का. थांबतील की."

मी उठून उभी राहिले. "तुझ्या पोरीच्या पेपरला आपण सगळे गेटाबाहेर उन्हात उभे होतो. तू, मी, तुझे दाजी. तिला कोणी म्हणालं का, पाच मिनिटं बाहेर ये, धोंडा खाऊन जा?"

"तिचं आयुष्य हाय ते."

"आणि मी काय करून राहिले मग इथं?"

भाऊ किल्ली फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "पाटावर कोणाला बसवू?"

"बसव कोणाला बसवायचं त्याला."

तो गेला. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. रागात सूर चढतो म्हणतात, माझा तर पहिल्याच ओळीत चढला. परीक्षकबाईंनी हात खाली करून शांत व्हा म्हणून खुणावलं. पुढं बरं गायले. तेलकट घशातून जेवढा निघायचा तेवढा भूप निघाला. बंद गाडीपेक्षा ती खोली मोठी होती, आणि माझा आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन पोचला, एवढं मी स्वतः ऐकलं.

घरी आले तर जेवणं झालेली. नवरा नव्या शर्टात, दाट कुंकू लावून, ढेकर देत बसलेला. पाटावर माझी नवी साडी घडीची तशीच. आणि त्याच्या पँटच्या पट्ट्यात एक सुपारी खोचलेली. वहिनीनं सांगितलं की शेजारच्या आजी आल्या होत्या. बायको हजर नसली तर तिच्या जागी कमरेला सुपारी लावली तरी चालतं म्हणाल्या. सगळं रीतसर झालं, अक्का, काळजी करू नका.

चालतं. म्हणजे सुपारीनं चालतं. मग गेल्या वर्षी पूजेत मी कामून बसले होते? त्याच्या आधीच्या वास्तुशांतीला, बारशाला, कुणाकुणाच्या मुंजीत, बायकोवाचून होत नाही म्हणून मला नेऊन बसवलं, तेव्हा या आजी कुठं होत्या? एक बोराएवढा गोटा माझं काम करू शकतो, हे घरातल्या एकालाही माहीत नव्हतं, का माहीत असून मला सांगितलं नव्हतं? मी नवऱ्यापुढे हात केला.

"द्या ती इकडे."

"कशाला गं?"

"माझ्या जागेवर बसलीय. माझी आहे."

परीक्षेत पास झाले. मार्क सांगण्यासारखे नाहीत. राग मात्र अजून टिकून आहे, आणि पहाटे मला उठवतो तोच, सुटाबुटातला गृहस्थ नव्हे. आता मी बाहेरच्या खोलीत गाते, दार उघडं टाकून. भाची म्हणते, आत्या, मला चालतंय. तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

परवा संध्याकाळी मी नुकती बसले होते, तर आतून आलंच, "चहाचं बघतेस का?" मी उठले, डबीत जपून ठेवलेली ती सुपारी काढली, ओट्यावर ठेवली आणि परत येऊन बसले.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"तिला सांगा. तुमची ओळख आहे."

मग भांड्याचा आवाज आला, साखरेचा डबा पडल्याचा आवाज आला. चहा लई गोड झाला होता. मी कप बाजूला ठेवला. तान पुढं सुरू केली.