गायरानातली झाडं आणि माझी सही

एक मेची गोष्ट. सुट्टी होती म्हणून संभाजीनगरहून मुद्दाम गावी गेले होते, ग्रामसभेला. लासूर स्टेशनला उतरून शेअर जीप पकडली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण जीपच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

जायचं कारण कमलमावशी. त्या आमच्या गावात बुद्धविहाराच्या मागे राहतात, शेळ्या पाळतात आणि रोज सकाळी गायरानात चारायला नेतात. चार दिवस आधी त्यांचा फोन आला होता... आवाज ओळखू येत नव्हता, इतक्या घाबरलेल्या.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी पंचायतीनं गायरानात वृक्षारोपण केलं. आता ती झाडं कुठं आहेत असं कुणीतरी विचारलं, तर उत्तर तयार... कमलबाईच्या शेळ्यांनी खाल्ली! आणि म्हणून गायरानात चराई बंद करायचा ठराव येणार होता.

"वैशू, तिथं खड्डासुदिक खणला नाय गं कुणी," मावशी म्हणत होत्या. "मी रोज जाते, मला नाय दिसायचं व्हय?"

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही सभेत उभं राहून हेच सांगा. मी आहे तुमच्यासोबत."

सभा शाळेच्या वर्गात होती. मावशी उठल्या, घाबरत का होईना, पण सगळं बोलल्या. उपसरपंच हसले आणि म्हणाले, "पंचनामा आहे बाई. झाडं लावलेली पाच माणसांनी डोळ्यांनी बघितली. सह्या आहेत."

मग मी उठले. फार आवेशात होते. म्हणाले, "कुणी बघितली झाडं? नावं वाचून दाखवा, सगळ्या गावाला कळू द्या."

ग्रामसेवक माझ्याकडे बघून चुळबुळले. "ताई, राहू द्या ना..." मला वाटलं, घाबरले! मी आणखी मोठ्यानं म्हणाले, "नाही, वाचाच."

त्यांनी वाचलं. तिसरं नाव माझं होतं.

मला आधी हसूच आलं. मग वाटलं, कुणीतरी खोटी सही ठोकलीय. तरातरा पुढे गेले, कागद हातात घेतला... सही माझी होती. शंभर टक्के माझी.

मग आठवलं. क्रांती चौकात मी ज्या मेडिकलवर काम करते तिथं हेच उपसरपंच आले होते, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. काउंटरवर गर्दी होती. "ताई, समितीवर गावातली शिकलेली माणसं पाहिजेत, फक्त सही लागते," म्हणाले. मी त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. वाचलं नाही. उलट घरी जाऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, गावानं मला समितीवर घेतलं म्हणून!

उपसरपंच जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, वाढवू नका. तुमचंच नाव खराब होईल."

खरं सांगते, मनात आलं होतं... ही सही माझी नाहीच, असं म्हणून टाकावं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. मावशींनी तर सगळ्यात आधी.

पण मावशींकडे बघितलं आणि ते जमेना. म्हणाले, "सही माझीच आहे. पण मी गायरानात पाऊलही टाकलं नव्हतं. न वाचता केली."

मावशींनी वळून माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाल्या, "तू व्हय, वैशू?"

त्या तीन शब्दांनी जे झालं ते मला लिहिता येत नाही.

मग मागच्या बाकावरून आमचे रिटायर झालेले गुरुजी उठले. पंचनाम्यावर त्यांचंही नाव होतं. "माझीबी तशीच आहे," म्हणाले आणि मान खाली घालून उभेच राहिले. पाचातले आम्ही दोघं.

सरपंचबाई सभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, "चला, आधी बघून येऊ. मग ठराव."

भर उन्हात अर्धी सभा गायरानात गेली. टणक माळ, एक खड्डा नाही, एक काटकी नाही. हिरव्या रंगाचा वृक्षारोपणाचा फलक मात्र ठणठणीत उभा होता... आणि त्याच्या टीचभर सावलीत मावशींच्या शेळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. अख्ख्या गायरानात तेवढीच सावली! पाच मिनिटं उभं राहवेना तिथं.

चराईबंदी बारगळली. गुरुजींनी आणि मी तालुक्याला लेखी जबाब दिला, चौकशी सुरू आहे. काही लोक माझ्याशी बोलत नाहीत, त्यात आमचे एक चुलतेही आहेत. पाऊस यायच्या आत खड्डे खणायचे ठरलंय, अर्धं गायरान झाडांना, अर्धं जनावरांना. नव्या समितीत कमलमावशी आहेत. सही करण्याआधी त्यांनी ठराव दोनदा वाचून घेतला.

मावशी त्या दिवशी घाबरून गप्प बसल्या असत्या तर माझी सही त्यांच्याविरुद्ध साक्ष देत राहिली असती, आणि मी शहरात पर्यावरणाच्या पोस्ट शेअर करत बसले असते. त्या बोलल्या, त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे कळत नाही.

त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत झालेली नाही. परवा रविवारी खड्डे खणायला गेले होते. त्या आल्या, माझ्या खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "लई वरवर खणलंस. अजून वीतभर खाली जा."

मी पुन्हा टिकाव उचलला...