खालचं बटण

आज सुकट साफ केली, हात तीनदा धुतले, तरी हुंगून पाहिलेच. आणि ललिता आठवली.

अंधेरीच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हा आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. पण तो चालू कसा करायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. अख्खा वर्ग बघत होता. कोळीवाड्यातली ललिता उठून पुढे आली. "बाई, खालचं बटण दाबा ना," म्हणत तिने हात पुढे केला.

"हात नको लावूस गं! मासळीचा वास लागेल त्याला," मी ओरडले.

सगळी मुलं हसली. ललिताने आपला तळवा हुंगला, मग जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर मी एकटीच कॉम्प्युटरपाशी गेले. दुपारी डब्यातली सुकट खाल्लेल्या बोटानेच मी खालचं बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला.