ताटाच्या कडेवरचं बोट

आमची ताई पगार घेऊन लोकांची गरळ वाचते. याला म्हणे नोकरी! ऑफिसात तिच्या पडद्यावर कुणीकुणी इंटरनेटवर लिहिलेलं एकेक वाक्य येतं आणि तिने आकडा दाबायचा. साधं असेल तर एक, लोकांत फूट पाडणारं असेल तर दोन, द्वेषाचं असेल तर तीन. एकट्यादुकट्याला घातलेली शिवी एकातच जाते. अख्ख्या समाजाला धरून बोललं, तरच तीन.

हे खूळ घरीही येतं. जेवताना बाबांनी बातम्या बघत "त्या लोकांचं" काही काढलं, की ताईचं बोट ताटाच्या कडेवर तीनदा वाजतं. मान वर नाही, जेवण चालूच. बाबा उखडतात, "घर आहे हे, तुझं ऑफिस नाही!" तरी हल्ली ते जरा जपूनच बोलतात.

परवा ताई दमून आली. वरच्या भाडेकरूंनी पुन्हा जिन्यात कचरा ठेवला होता आणि पिशवी फुटून तिची चप्पल बरबटली होती. दारातूनच ती कडाडली, "ही जमातच घाणेरडी! यांना कुणी घर देऊच नये!"

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि टेबलावर बोट वाजवलं. तीनदा.

मला हसू फुटणार होतं, पण ताईचा चेहरा बघून ते जिरलं. ती चप्पल हातात धरून तशीच उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे वाक्य माझं नाही हो. सकाळी ऑफिसात पडद्यावर वाचलं होतं."