पंखा चालून राहिला

बाबांनी गाडी विकायचं ठरवलं त्या उन्हाळ्यात मी पत्रकं लिहीत होते. एक बंद केलेल्या एसटी फेरीवर, एक कुलूप लावलेल्या आरोग्य उपकेंद्रावर. दोन्हींचा शेवट "जबाबदार कोण?" असा होता. उत्तर मला पाठ होतं: टेबलामागे जो बसतो तो.

बाबा राईस मिलमध्ये फिटर होते. उभं आयुष्य त्यांनी यंत्रांच्या खडखडाटात काढलं. निवृत्त होताना मिलनं त्यांना शाल दिली आणि त्यांचे कान ठेवून घेतले. जवळून मोठ्यानं बोललं तरच त्यांना ऐकू यायचं. यावरही मला पत्रक काढायचं होतं. बाबा म्हणाले, "काऊन? शाल बरी होती का नाई?" विषय संपला.

त्यानंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. आमगावात आमच्या घरापासून बाजार चालत दहा मिनिटांवर, गाडीची गरज कोणालाच नव्हती. बाबांना ती बसायला कमी आणि उघडायला जास्त हवी होती. सकाळी चहा झाला की बोनेट वर. आई म्हणायची, "माह्याकडं इतकं पाह्यलं असतं तं माहे गुडघे बरे झाले असते." बाबांना ऐकू जायचं नाही, किंवा जायचं.

हिवाळ्यात एसटी आणि उपकेंद्रासाठी आम्हा कार्यकर्त्यांची मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांनी गाडी मला दिली, कुरकुर न करता. टपावर भोंगा बांधून आम्ही सालेकशाकडच्या गावांतून फिरलो. चार महिने गाडी छान चालली.

मे लागला आणि ती तापायला लागली. धावताना काही नाही, उभी राहिली की सुई वर. बाजारात अडकलो, सुई वर. रेल्वे फाटक लागलं, सुई वर आणि बोनेटमधून वाफ.

बाबांचा पहिला संशय अचूक होता. "चालत्या गाडीले वारा फुकट भेटते," ते म्हणाले. "उभ्या गाडीले पंखा लागते. पाणी तापलं की तो आपला आपण सुरू झाला पायजे. चाल, पाहू."

अंगणात गाडी सुरू ठेवली. बाबा आत बसून अ‍ॅक्सिलेटर दाबून सुईवर नजर ठेवून होते आणि मला त्यांनी पुढे जाळीसमोर उभं केलं, कारण आवाज त्यांना कळला नसता. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. एका गावच्या सरपंचानं सभेसाठी शाळेचं पटांगण देतो म्हणून सांगितलं होतं आणि आता शब्द फिरवत होता. मी त्याला झापायला सुरुवात केली. बाबा आतून ओरडले, "बाई, पंखा चालून राहिला का?"

"हो बाबा, चालून राहिला!"

बोनेटकडे माझी पाठ होती. त्या वेळी मला ते कळलंसुद्धा नाही. मी सरपंचाला विचारत होते की माणसाच्या शब्दाला काही किंमत असते की नाही.

बाबांनी पंखा यादीतून काढला. पोरीनं पाहून सांगितलं म्हटल्यावर पुन्हा काय पाहायचं? मग त्यांनी रेडिएटर उतरवून नळाखाली धुतला. गाडी तापली. झाकण नवीन बसवलं. तापली. थर्मोस्टॅट काढून चहाच्या गंजात उकळून पाहिला, तो शहाण्यासारखा उघडला, परत बसवला. तापली. आईनं ते पातेलंच फेकून दिलं.

तीन आठवडे गेले. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मिलमध्ये पट्टा तुटो की मोटर जळो, लोक त्यांना घरून उठवून न्यायचे. आता ते गाडीसमोर पाट टाकून नुसते बसत. एकदा म्हणाले, "कान गेले तं गेले, म्या म्हटलं हात आहेत. आता हातबी गेले, बाई."

त्यांनी गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. रविवारी येणार होतं. गाडीसोबत पान्यांची पेटीही देऊन टाकायची म्हणाले. ती पेटी माझ्यापेक्षा मोठी, म्हणजे वयानं. आईनं मला चुलीजवळ बोलावून सांगितलं, "गाडी जाऊ दे. पेटी जाऊ देऊ नको. पेटी गेली तं हा माणूस खाटेवरून उठणार नाई."

शुक्रवारी मी त्यांना जबरदस्तीनं गोंदियाच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. मिस्त्रीनं गाडी बंद असतानाच बोनेटमध्ये डोकावून निदान केलं. "चाचा, गॅस्केट उड गया है. इंजिन खोलना पडेगा."

"देखे बिना?" मी विचारलं.

"मॅडम, बीस साल से यही देख रहे हैं."

मी त्याला तिथेच सुनावलं. न तपासता सांगणारा डॉक्टर, न तपासता सही करणारा साहेब आणि न तपासता इंजिन खोलणारा मिस्त्री, सगळे एका माळेचे मणी, वगैरे. बाबांनी माझा दंड धरून मला गाडीत बसवलं. "त्याचं बरोबरबी असन," ते हळूच म्हणाले. बाबांनी एखाद्या मिस्त्रीचं न भांडता ऐकलं, हे मला गॅस्केटपेक्षा जास्त लागलं.

परत येताना आमगावच्या अलीकडे फाटक बंद. मालगाडी जायची होती. दुपारचे दोन, डांबर चपलेला चिकटत होतं. सुई चढली, वाफ आली. बाबांनी इंजिन बंद केलं, पंखा पाणी थंड करत राहावा म्हणून चावी तेवढी चालू ठेवली आणि बोनेट उघडलं. मी तणतणत रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तर त्यांनी हातावर फटका मारला. "तोंड भाजून घेते का? थंडा होऊ दे."

मग मी समोर उभी राहिले. काहीच करायचं नव्हतं म्हणून जाळीतून आत पाहिलं. इंजिन एवढं उकळत होतं आणि पंख्याची पाती अगदी स्तब्ध होती. एका पात्यावर कोळ्याचं जाळं होतं. धुळीनं भरलेलं, अखंड. ते एका दिवसात विणलेलं नव्हतं.

मला अंगण आठवलं. फोन आठवला.

खरं सांगायचं तर एक क्षण मला मोह झाला. "आत्ताच बंद पडलेला दिसते" एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. बाबा पलीकडे रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, टोपीनं वारा घेत. म्हातारे दिसत होते.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलले. फाटकावरच्या चार मोटारसायकलवाल्यांनीही ऐकलं. "बाबा, पंखा बंद आहे. त्या दिवशीबी बंदच असन. मी पाह्यलं नव्हतं. फोनवर होती. तसंच हो म्हणून टाकलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते उठले. गाडीतल्या पेटीतून वायरचे दोन तुकडे काढले, पंख्याचा प्लग सोडवला आणि बॅटरीवरून थेट करंट दिला. पंखा भर्रकन फिरला, जाळं उडालं.

"मोटर जित्ती आहे!" ते म्हणाले. आवाज मिलमधला होता. "मंग करंट कुठं अडला?"

डॅशबोर्डखाली फ्यूजची डबी होती. त्यांनी झाकण काढलं, बोटानं एकेक फ्यूज चाचपला आणि थांबले. पंख्याचं घर रिकामं होतं. जळलेला फ्यूज नाही, फ्यूजच नाही.

"हा कोणं काढला?"

आता दुसरी गोष्ट आठवली, आणि पहिलीपेक्षा वाईट. जानेवारीत कचारगडाच्या वाटेवरच्या एका गावात सभा ऐन रंगात असताना भोंगा मुका झाला होता. त्याच्या वायरीतला फ्यूज जळला होता. मी गाडीतल्या डबीतून तसाच दिसणारा एक उपटून तिथे खुपसला. परत लावू म्हटलं होतं. थंडीचे दिवस, मोकळे रस्ते, पंख्याची आठवण गाडीलाही झाली नाही.

हेही सांगितलं.

मालगाडी आली, डबे संपता संपेनात. शेवटचा डबा गेल्यावर बाबांनी विचारलं, "सभा झाली का मंग?"

"झाली."

"लोकं किती होते?"

"भरपूर."

"हं." त्यांनी वायपरचा फ्यूज काढून पंख्याच्या घरात बसवला. "पावसाले अजून टाइम आहे. घरापर्यंत पुरून जाईन, मंग बरोबरचा आणू. पण काढलं तं सांगाव लागते, बाई. यंत्र बोलत नाई. ज्यानं काढलं त्यानंच बोलाव लागते."

प्लग लावताच तापलेल्या इंजिनसमोर पंखा आपला आपण सुरू झाला. बाबांना तो ऐकू येत नव्हता. त्यांनी मागच्या बाजूला तळहात धरला, वारा लागला तसे हसले. मग माझा हात ओढून तिथे धरला. गरम, तेलकट वारा होता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मागून एक मोटारसायकलवाला ओरडला, "अजी काका, फाटक खुललं! हवा घरी जाऊन खाजा!"

घरी आईनं विचारलं, "काय निंगालं?"

"फ्यूज उडाला होता," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

"उडाला नव्हता, मी काढला होता," मी म्हटलं. आईनं मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. बाबा गाडीखाली होते, पाय तेवढे बाहेर. तो माणूस दोनदा म्हणाला, "भाऊ, गाडी पाहायला आलो." मी खाली वाकून बाबांना ओरडून सांगितलं.

"विकाची नाई म्हणा," गाडीखालून उत्तर आलं. "चहा पाजा त्यायले. आन् तू बाराचा पाना दे."

मी दिला.

"हा तेराचा होय, बाई. पाहून दे."