कागदी हरीण आणि तीन प्रकारच्या गोळ्या
परवा खिसे न तपासताच मी जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये टाकलं, ड्रम खडखडू लागला आणि आतून निघाली रिकाम्या काडतुसाची पितळी पुंगळी, आखातातल्या अल ऐन शहराच्या शूटिंग रेंजवरची. गेल्या हिवाळ्यात बायको आणि मुलीला घेऊन मी तिथे गेलो होतो. मुलीला शिकायला कॅनडाला जायचं होतं आणि माझं उत्तर दर आठवड्याला बदलत होतं: कधी ‘जा’, कधी ‘बघू’, कधी नुसतंच ‘इन्शाल्ला’. रेंजवर हरणाच्या शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल हातात आली. समोर वाळूच्या बांधापुढे कागदी हरीण. पहिली गोळी शिंगांवरून गेली. मी ऐटीत म्हटलं, “हलकी आहे, जड द्या.” जड गोळी खुरापाशी लागली. मग सगळ्यात महागडी मागितली, ती कागदालाच लागली नाही. “बाबा, द डिअर इज लाफिंग!” मुलगी म्हणाली. शिकवणाऱ्या बाई हसू दाबत म्हणाल्या, “सर, प्रत्येक प्रकारची गोळी वेगळ्या जागी जाते. आधी एक ठरवा, मग रायफलवरची दुर्बीण तिला जुळवू.” बायकोने गोळ्यांचा एकच डबा घेतला, दुर्बीण जुळवून घेतली आणि हरणाच्या खांद्यावर अशी दाट छिद्रं पाडली की वर दिरहॅमचं नाणं ठेवलं तर सगळी झाकली जावीत. परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपली. रायफलच जुनी होती, असं मी पुन्हा सांगू लागलो, तेव्हा बायको हळूच म्हणाली, “रायफल चांगली होती हो. पोरीलाही एकदा एकच काय ते उत्तर द्या. हो तर हो, नाही तर नाही. दुर्बीण ती जुळवून घेईल.”