विहिरीवर बसलेले चाचा

नसीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाटकाच्या तालमीत यमाचं काम करत होतो, मिशांसकट. शबानाभाभी एवढंच म्हणाल्या, "दिगूभाऊ, या." मी तसाच छावणी भागातल्या त्याच्या घरी पोचलो. दारातली माणसं माझ्याकडं विचित्र बघायला लागली, तेव्हा कुठं मला मिशा आठवल्या... नसीर असता तर हसून खुर्चीवरून पडला असता. पण त्या घरातला हसणारा माणूसच पांढऱ्या चादरीखाली निजला होता.

आमची दोस्ती कॉलेजपासूनची. तो लासूर स्टेशन गावातल्या शाळेत गणित शिकवायचा. पंचेचाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी त्यानं नोकरी सोडली आणि इथंच शहरात कॉम्प्युटर गेम प्रोग्रॅमिंगच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं त्याला मास्तर समजून उभी राहिली. यानं शांतपणे सगळ्यांची हजेरी घेतली आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

मला त्यानं कामाला लावलं ते माझ्या नालायकीमुळं. गेम बनवणाऱ्याला तो खेळून, मोडून बघणारा माणूस लागतो. "तुझ्याइतकं वाईट कोणीच खेळत नाय, दिगू. तू जिथं मरतो तिथं मला काम सापडतं," असं त्याचं म्हणणं. मग काय, दर रविवारी भाभींच्या हातचा खिमा खाऊन मी मनापासून मरायचो. खेळ साधा होता. खांद्यावर पाण्याची घागर घेतलेले एक म्हातारे चाचा गच्च्यांवरून उड्या मारत घरी जातात. दमले की एका बटणानं त्यांना बसवायचं, दुसऱ्यानं उठवायचं. शेवटची उडी विहिरीवरून, पलीकडं घर. ती मला एकदाही जमली नाही.

परीक्षेत पहिल्या वेळी त्याचा गेम मधेच बंद पडला आणि तो प्रकल्पात नापास झाला. दुसरी संधी शेवटची. नोकरी सोडलेली, छातीत दुखणं सुरू झालेलं. गोळ्या तो पेनांच्या डबीत लपवून ठेवायचा. त्यात नियम असा, की गेम विद्यार्थ्यानं नाही, बाहेरच्या माणसानं खेळून दाखवायचा. आणि हा मला घेऊन निघाला. भाभींनी त्याला वेड्यात काढलं. मी हात जोडले. तो म्हणाला, "चांगला खेळणारा चुका झाकतो. मला झाकायचं नाय."

परीक्षक बाईंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. माझी बोटं घामानं बटणांवरून घसरत होती. गच्च्या एकेक करून पार पडल्या. घागर हिंदकळली, सावरली. नसीर माझ्याकडं बघतच नव्हता, फक्त चाचांकडं. विहीर आली. मी उडी मारली, ती कमी पडली, आणि घाबरून माझा हात पडला तो बसायच्या बटणावर. चाचा विहिरीच्या बरोबर वर, अधांतरी, मांडी घालून बसले. घागर मांडीवर. खाली पडेनात, पुढं जाईनात...

"हे काय?" बाईंनी विचारलं.

मी नाटकातला माणूस. चाचा पोचलेले फकीर आहेत, असं सांगायला तोंड उघडलंच होतं. नसीरनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. "चूक आहे, मॅडम. हवेत असताना बसता येऊ नये, हे लिहायचं राहिलं."

"आत्ता लिहाल?"

"लिहितो."

त्याचा हात डबीकडं गेला. मला वाटलं पेन काढतोय, गोळी होती. ती जिभेखाली ठेवून तो टाइप करत राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं पुसला नाही. मला कोणाला तरी हाक मारायची होती, पण त्यानं डोळ्यांनीच दटावलं. मग बाई म्हणाल्या, पुन्हा यांनाच खेळू द्या. मी उडी मारली, बसायचं बटण दाबलं आणि चाचा सरळ विहिरीत गेले. माझ्या मरण्यानं कोणी पास झाल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

परवा चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर भाभींनी त्याचा लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "खेळा की." मी खेळलो. विहीर आली, उडी कमी पडली आणि जुन्या सवयीनं हात बसायच्या बटणावर आपटला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर चाचा बसलेले. विहिरीच्या वर, घागर मांडीवर.

"ही चूक तर त्यानं काढली होती," मी म्हणालो.

"वो कॉलेजवाले में," भाभी म्हणाल्या. "घरातला तसाच ठेवला. बोलले, दिगू काय घरी पोचत नाय. बसू तरी दे त्याला."

मी उठायचं बटण दाबलं नाही. भाभींनी चार्जर आणून लावला.