चमच्याचं नाव

"ताई, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडात चहा असेल. बोलतील कसे?"

"थट्टा नको. भाऊजींच्या अस्थी अजून घरात आहेत आणि तू सणाला यजमान होऊन बसणार?"

"अस्थी घरातच राहतील. त्या कुठे येतायत?"

नोबुएसानच्या धाकट्या बहिणीनं, सुमिएनं, माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं चहा घुसळायची रवी धुवायला घेतली. चहाचा विधी शिकवणाऱ्या आमच्या बाईंच्या घरातल्या त्या मागच्या खोलीत दोघींना धड उभं राहता येत नाही, तिथे आम्ही तिघी. नोबुएसान सांधलेला कप पुसत होती. ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे फुटून सांधलेलीच भांडी काढतात, सरत्या वर्षाचा मान म्हणून. नोव्हेंबर लागला की शेगडी आवरायची आणि जमिनीतली चूल उघडायची. ते आमचं, चहावाल्यांचं, नवं वर्ष. त्या दिवशी चहा कुणी करायचा ते बाई ठरवतात. नोबुएसान केस काळे असल्यापासून बाईंकडे शिकतेय, पण तिचा नंबर कधी लागला नव्हता. यंदा वसंतातच बाईंनी तिचं नाव घेतलं. आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिचा नवरा, मोरिहिको, तळ्यावर शिंपल्या काढायला गेला तो होडीतच गेला. हातात दाताळं तसंच होतं म्हणे.

"रडली असती तर मी बोलले नसते गं," सुमिए आता मलाच सांगायला लागली. "अंत्यविधीला आलेल्यांचे बूट सरळ लावत बसली होती. दुसऱ्या दिवशी शिंपल्या निवडायला कामावर हजर! मी म्हटलं, जरा बस. तर म्हणते, बसून काय करू?"

"मग काय करू?" नोबुएसाननं विचारलं. खरंच विचारत होती. भाताला मीठ किती घालू, असं विचारावं तसं.

सरकतं दार उघडलं. बाई. वय नव्वदीकडे, आवाज मात्र घंटेसारखा.

"सुमिए, भांडण चटईवर आणू नकोस. चहाला सुतक नसतं. करणारीला आहे का, ते आज बघू. नोबुए, सगळा विधी कर. कुठे अडली नाहीस तर सण तुझा. अडलीस तर सुमिए करेल."

"मला नकोय तो सण!"

"तुला विचारलं नाही. तू मुख्य पाहुणी. जा, बस."

आम्ही बसलो. सुमिए पहिली, मी शेवटची.

नोबुएसान आत आली. तिची पावलं चटईची कड कशी ओलांडतात ते बघत राहावं असं आहे, आणि त्या दिवशीही पावलं तशीच पडली. रेशमी फडकं घडीत बसलं. ओगराळ्यातून पाणी आवाज न करता कपात उतरलं. चहा हिरवागार, वर बारीक फेस. एकही चूक नाही. मला मात्र गार वाटत होतं. सगळं होत होतं आणि करणारं कुणी नव्हतं. सुमिएनं कप घेतला, फिरवला, प्यायली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नोबुएसान तिच्या गुडघ्यापुढच्या चटईकडे बघत होती, बघायचं असतं तिथेच.

शेवटी पाहुण्यांनी चहाची डबी आणि बांबूचा चमचा बघायला मागायचा, बघून परत करायचा आणि मग मुख्य पाहुणीनं विचारायचं, यजमानानं सांगायचं. डबीचा आकार, कारागीर, ही उत्तरं पाठ असतात. चमच्याचं नाव मात्र दर वेळी नवं लागतं, ऋतूला शोभेल असं, आपल्या मनचं. मी गेली किती वर्षं 'शरदाचा चंद्र' वर भागवतेय. नोबुएसानची नावं मात्र ऐकण्यासारखी असत. 'होडीखालचं धुकं'. 'उपाशी बगळा'. बगळ्याला तर बाई हसल्या होत्या. ती नावं मोरिहिकोची. आदल्या रात्री शिंपल्यांचं सार भुरकत तो सुचवायचा. "एवढ्याशा काडीला नाव ठेवता तुम्ही," म्हणायचा, "माझी होडी बिनानावाची!" हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

"डबीचा आकार?" सुमिएनं विचारलं.

"बोरासारखा."

"चमचा कुणी घडवला?"

"देवळातल्या थोरल्या भिक्षूंनी." (बाईंनी तो स्टेशनजवळच्या दुकानातून आणलाय.)

"आणि नाव?"

किटली उकळत होती. नोबुएसाननं तोंड उघडलं. मिटलं.

बाईंनी पंखा गुडघ्यापुढे सरळ केला. तो सरळच होता.

"काहीही सांग ना," सुमिए हळूच म्हणाली. पाहुणीनं असं सुचवायचं नसतं. "'वाळलं रान' म्हण. 'उरलेली शेवंती' म्हण. ताई, नाहीतर गेल्या वर्षीचंच सांग, 'भिजकी टोपी'. भाऊजींनी दिलेलं. छान होतं. सांग ना. मला नकोय गं तो सण, तूच कर, पण नाव सांग."

बाई सुमिएला रागावल्या नाहीत.

नोबुएसाननं चमच्याकडे पाहिलं. मग उजव्या हातात डबी घेतली, डाव्या तळव्यावर ठेवली. चमचा उचलला. नाव न सांगताच उठली, वळली, चटईची कड ओलांडली. दाराबाहेर गुडघ्यांवर बसली, वाकली, पद्धतीप्रमाणे, आणि दार सरकवून घेतलं.